जामीन म्हणजे माणूस, रक्कम नव्हे

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांनी घरदुरुस्तीच्या कामांसाठी राज्याचं कॉन्ट्रॅक्टर लायसन्स काढायला घेतलं आहे आणि त्यासाठी पंचवीस हजार डॉलरचा शुअरटी बॉण्ड लागतो. सांगलीच्या मामांना फोनवर हे सांगताना ते म्हणाले, "पंचवीस हजार डॉलर अनामत भरली." मामा हबकले. बायकोचं म्हणणं, "तारण म्हणा." शेजारचे एक काका म्हणाले, "अहो, तो विमाच." आणि मराठी बातम्यांत कुठेतरी त्यांनी 'जामीन रोखे' असा शब्द वाचला. यातला बरोबर शब्द कोणता, असं ते विचारतात.

यातला एकही नाही. 'जामीन रोखे' तर मुळीच नाही, आणि हा शब्द आता इतक्या वेळा कानावर पडतो की त्याचा समाचार आधी घेतो. रोखा हा गुंतवणूकदार विकत घेतो, त्यावर व्याज मिळतं, मुदत संपली की मुद्दल परत मिळतं. सरकारी रोखे, कर्जरोखे हे त्या जातीचे. इंग्रजीत दोन्हीकडे 'बॉण्ड' दिसला म्हणून मराठीत दोन्हीकडे 'रोखा' डकवायचा, हे भाषांतर नव्हे, आळस आहे. आपल्याकडे विमा नियामकाने २०२२ साली शुअरटी विम्याला वाट करून दिली, तेव्हापासून या शब्दाला ऊत आला आहे.

बाकीचे तीन शब्द झटपट हातावेगळे करू. अनामत म्हणजे दुसऱ्याकडे ठेवलेली आपली रक्कम, काम झालं की परत मिळणारी. आपल्याकडचे सरकारी ठेकेदार निविदेसोबत बयाणा रक्कम आणि पुढे सुरक्षा अनामत भरतात, ती ही. तारण म्हणजे वस्तू : सोनं, घर, शेत. विमा म्हणजे माझं नुकसान झालं तर मला पैसे. कॅलिफोर्नियाच्या बॉण्डमध्ये यातलं काहीच घडत नाही. कंत्राटदार पंचवीस हजार कुठेच भरत नाही. राज्यात परवाना असलेली शुअरटी कंपनी सॅक्रामेंटोच्या कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाला लिहून देते की हा माणूस कायद्याने वागेल. त्याबदल्यात ती वर्षाला काही शुल्क घेते. साख चांगली असेल तर ते काहीशे डॉलरच्या घरात असतं, आणि परत मिळत नाही. कंत्राटदाराने कायदा मोडून घरमालकाला बुडवलं, किंवा मजुरांची मजुरी थकवली, तर कंपनी नुकसानभरपाई देते, पण सगळ्या दावेदारांना मिळून पंचवीस हजारांपर्यंतच. मग ती रक्कम कंत्राटदाराकडून पुरेपूर वसूल करते. त्याने फेडली नाही तर लायसन्स स्थगित होतं. ज्याच्यासाठी पैसे दिले त्याच्याच मानेवर बसून ते परत घेणारा विमा कुणी पाहिला आहे का? शेजारच्या काकांनी याचं उत्तर द्यावं.

अनामत हा शब्द तिथे एका ठिकाणी मात्र शोभेल. बॉण्डऐवजी तेवढीच रक्कम थेट बोर्डाकडे जमा करण्याची पर्यायी सोय आहे. ती खरी अनामत. तुम्ही तसं केलं असेल तर मामांना सांगितलेलं बरोबर होतं. पण पत्रावरून तसं दिसत नाही.

उरतो तो शब्द जामीन. इथेच माझं खरं दुखणं आहे, कारण हा शब्द गेली कित्येक वर्षं वर्तमानपत्रांनी उलटा टांगून ठेवला आहे.

जामीन हा माणूस आहे. अरबी 'दामिन' म्हणजे अंगावर घेणारा, हमी राहणारा. हे कर्तृवाचक रूप आहे : हाकीम, आलीम, हाजीर यांच्याच साच्यातलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही (दुसरी आवृत्ती १८५७) जामीन म्हणजे हमी राहणारा माणूस. त्याच्या कृतीला वेगळा शब्द होता, जामिनकी. त्याने लिहून दिलेल्या कागदाला जामीनकतबा. माणूस, कृती आणि कागद, तिघांना तीन नावं. आज तिन्हींच्या जागी एकटा 'जामीन' राबतो आहे आणि माणसासाठी आपण 'जामीनदार' बनवला आहे. जो स्वतःच कर्ता आहे त्याला आणखी 'दार' कशासाठी? हाकिमाला आपण हाकीमदार म्हणत नाही. बँकांच्या कर्जाच्या अर्जावर 'जामीनदाराची सही' छापलेलं असतं, तिथे 'जामिनाची सही' एवढं पुरतं.

हिंदीने ही गफलत केली नाही. तिथे माणूस जामिन आणि कृती जमानत, हा भेद टिकला. म्हणून निवडणुकीत हिंदीत जमानत जप्त होते आणि मराठीत अनामत. तिथे आपण चोख आहोत, हे मान्य केलंच पाहिजे.

आता माझं मत सांगतो, आणि ते मी सोडणार नाही. मराठीत हा शब्द कोर्टाच्या बातम्यांमुळे फिरला. मुळात 'जामीन देणे' हे आरोपीचं काम. पकडलेला माणूस आपल्या वतीने जामीन देई, म्हणजे एक भला माणूस उभा करी, आणि सरकार तो जामीन घेई. आता काय छापून येतं? 'न्यायालयाने आरोपीला जामीन दिला.' देणारा घेणारा झाला आणि घेणारा देणारा. न्यायाधीश कुठला माणूस काढून आरोपीच्या हातात देतात? एकदा दिशा फिरली की माणूस गळून पडणं ओघाने आलंच. जामीन ही 'मिळणारी', 'नाकारली जाणारी' गोष्ट झाली. काही जण म्हणतात की हा अर्थविस्तार आहे, भाषेत असं चालायचंच. विस्तारात जुना अर्थ शाबूत राहून नवा जोडला जातो. इथे जुना अर्थ मेला, म्हणून तर जामीनदार जन्माला घालावा लागला. याला विस्तार म्हणत नाहीत.

आणि कृपा करून 'जामीन हा जमिनीवरून आला, पूर्वी जमीन गहाण ठेवत म्हणून' हे कुणी पुन्हा लिहू नका. जमीन फारसी आहे आणि आपल्या 'क्षमा' म्हणजे पृथ्वी या शब्दाची सख्खी बहीण आहे. जामीन अरबी आहे. दोघांचा सुतराम संबंध नाही. दोन अक्षरांचा नाद जुळला म्हणून व्युत्पत्ती ठरत नसते.

जामीनची खरी भावंडं पाहा, कारण ती फार देखणी आहेत. अरबीत 'दाद' नावाचं एक घोटीव अक्षर आहे. फारसीच्या तोंडी त्याचा उच्चार झ झाला आणि मराठीत ज. कर्ज, अर्ज, गरज, मर्जी, राजी, काजी, हाजीर या सगळ्यांतला ज हा तोच दाद आहे. हौदाने तेवढा वेगळा रस्ता धरला आणि द ठेवला. म्हणजे कर्ज घेणारा, त्यासाठी अर्ज करणारा, जामीन उभा करणारा आणि शेवटी काजीसमोर हाजीर होणारा, हा सारा व्यवहार एकाच अक्षरावर तोललेला आहे. त्याहून सुंदर गोष्ट धातूची. दाद-मीम-नून या धातूत 'आत असणं, आत सामावणं' हा अर्थ आहे. जुन्या पत्रांतला 'मजमून' आठवतो? पत्राचा मजमून म्हणजे पत्राच्या पोटात असलेला आशय. तो याच धातूचा. जामीन म्हणजे दुसऱ्याची जबाबदारी स्वतःच्या आत घेणारा आणि मजमून म्हणजे आत घेतलेलं. एक कर्ता, दुसरं कर्म. हे कळल्यावर 'पंचवीस हजार डॉलरचा जामीन भरला' हे वाक्य कुणाला बोलवेल असं मला वाटत नाही.

शुद्धिवादी मंडळी इथे जामिनासाठी 'प्रतिभू' हा संस्कृत शब्द पुढे करतील. शब्द उत्तम आहे. पाणिनीला तो माहीत होता. स्वामी, ईश्वर, साक्षी यांच्या रांगेत त्याने प्रतिभू बसवला आहे. पण त्याच प्रतिभूपासून घडवलेल्या 'प्रतिभूती'ने सगळा शेअर बाजार व्यापला आहे. आज प्रतिभू म्हटलं की वाचकाला सेबी आठवते. अमरकोशातला 'लग्नक' मला जास्त आवडतो. लग् म्हणजे चिकटणे. दुसऱ्याच्या ऋणाला चिकटलेला तो लग्नक. पण आज 'मला एक लग्नक हवा आहे' म्हणालात तर लोक वधूवर सूचक मंडळाचा पत्ता देतील. म्हणून जामीनच ठेवा. चार शतकं मराठीत नांदलेला शब्द अरबी म्हणून हाकलायचा, तर कर्ज आणि अर्जही हाकलावे लागतील.

संस्कृतातून शब्द नको, पण वर्गवारी जरूर घ्यावी. याज्ञवल्क्यस्मृती सांगते : "दर्शने प्रत्यये दाने प्रातिभाव्यं विधीयते." जामिनकी तीन प्रकारची. दर्शन म्हणजे हा हजर होईल. प्रत्यय म्हणजे हा भरवशाचा आहे. दान म्हणजे याने नाही दिलं तर मी देईन. तिसऱ्या प्रकारात जामिनाच्या मुलांवरही देणं येतं, पहिल्या दोहोंत नाही. आपल्याकडच्या जुन्या कागदांतही असेच प्रकार सापडतात : हाजीरजामीन, मालजामीन आणि माझा सर्वात लाडका फैलजामीन. हाजीरजामीन हा दर्शनाचा, मालजामीन हा दानाचा. फैलजामीन वागणुकीचा हवाला देतो आणि प्रत्ययाच्या अगदी शेजारी बसतो.

फैल हा शब्द ऐकून नापास मुलगा आठवत असेल तर थांबा. अरबी 'फिअल' म्हणजे कृती, वर्तन. 'बदफैली' या मराठी शब्दातला फैल तो हाच. फैलजामीन म्हणजे याचं वर्तन नीट राहील म्हणून हमी. १८०७ साली कर्नल अलेक्झांडर वॉकर बडोद्याच्या गायकवाडांच्या फौजेबरोबर काठेवाडात गेला. तिथल्या संस्थानिकांची खंडणी ठरवताना त्यांच्याकडून आणखी एक कागद लिहून घेण्यात आला : शेजाऱ्यावर चाल करणार नाही, लुटालूट करणार नाही, लुटारूंना थारा देणार नाही. त्या कागदाचं नाव फैलजामीन. त्या मुलखात भाट आणि चारण जामीन राहत. वचन मोडलं तर ते स्वतःच्या अंगावर शस्त्र चालवत, आणि ते पाप वचन मोडणाऱ्याच्या माथी येई. शुअरटी कंपन्या आज क्रेडिट स्कोअर पाहतात. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरा या टीकेत प्रत्ययाचा जामीन सांगतो की हा अमक्याचा मुलगा आहे, याची जमीन सुपीक आहे, हा तुला फसवणार नाही. साख तपासण्याची रीतच तेवढी बदलली.

आता कॅलिफोर्नियाचा बॉण्ड यांपैकी कोणत्या जातीचा? सरळ फैलजामीन. अमुक एक इमारत पुरी होईल याची ती हमी नाही; त्यासाठी परफॉर्मन्स बॉण्ड वेगळा असतो. लायसन्सचा बॉण्ड एवढंच म्हणतो की हा गृहस्थ लायसन्सच्या कायद्याप्रमाणे वागेल. १ जानेवारी २०२३ पासून त्याची मर्यादा पंधरा हजारांवरून पंचवीस हजार डॉलर झाली. तुम्ही स्वतः परीक्षा न देता दुसऱ्या जाणकार माणसाच्या पात्रतेवर लायसन्स घेत असाल, तर त्याच्यासाठी आणखी पंचवीस हजारांचा वेगळा बॉण्ड लागतो. तो कंपनीचा पदाधिकारी असून त्याचा हिस्सा किमान दहा टक्के असेल तर त्यातून सूट मिळते. नुसता नोकर असेल तर नाही. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढलीत तर कामगारांच्या मजुरीपोटी एक लाखाचा तिसरा. त्याच किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात सामान्य कंत्राटदाराची मर्यादा जुलै २०२४ पासून तीस हजार आहे. टेक्ससमध्ये सामान्य कंत्राटदाराला राज्याचं लायसन्सच नाही, त्यामुळे तिथे राहणाऱ्या भावाचं ऐकून कागदपत्रं जमवू नका.

तेव्हा मामांना असं सांगा : "एक कंपनी मला पंचवीस हजार डॉलरपर्यंत जामीन राहिली आहे." सांगलीच्या माणसाला हे वाक्य पुरतं कळेल. शिवाय कंपनीने पैसे दिले तर ते मलाच फेडायचे आहेत, हेही त्यात न सांगता आलं, कारण जामीन राहिलेल्याचे पैसे बुडवू नयेत हे मामांना शिकवावं लागणार नाही. त्या कागदाला जामीनकतबा म्हणा, फार जुना वाटला तर जामीनपत्र म्हणा. वार्षिक शुल्काला जामिनकीचं शुल्क. बॉण्डच्या प्रकाराचं नाव कुणी विचारलं तर बेधडक फैलजामीन सांगा.

लिहिताना एवढं सांभाळा : जामीन दीर्घ, पण जामिनाचा, जामिनावर, जामिनकी ऱ्हस्व. 'जामीनावर सुटका' असं छापणाऱ्यांनी निदान वेलांटी तरी सुधारावी.