अँटीव्हायरस टाकला आणि लॅपटॉप बिघडला?

सध्या येणाऱ्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच आहे : 'अँटीव्हायरस टाकला आणि अमुक बिघडलं.' म्हणून निवडक प्रश्न इथे एकत्रच घेतो.

प्रश्न : अँटीव्हायरस टाकल्यापासून ऑनलाइन क्लासमध्ये कॅमेरा काळा दिसतो. दुकानदार कॅमेरा बदला म्हणतो. (नांदेड)

बदलू नका. अँटीव्हायरसमध्ये वेबकॅम संरक्षणाची सोय असेल, तर तिथे क्लासच्या अ‍ॅपला परवानगी द्या. कॅमेऱ्यावरची सरकती पट्टीही एकदा बघा.

प्रश्न : फुकटचा अँटीव्हायरस होताच, वर विकतचाही टाकला. आता पंखा सतत घरघरतो. (इचलकरंजी)

दोघंही प्रत्येक फाइल तपासत बसतात, शिवाय एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. एक काढा, आणि तोही त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने. विंडोजचा डिफेंडर दुसरा अँटीव्हायरस आला की आपणहून बाजूला होतो, त्याला छेडू नका. एवढं करूनही पंखा थांबला नाही तर आत धूळ असेल किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळली असेल. ते काम तंत्रज्ञाकडून करून घ्या.

प्रश्न : जुना लॅपटॉप आहे. फुल स्कॅन मध्येच अडकतो आणि आतून टकटक ऐकू येते. अँटीव्हायरस काढला तरी तेच. मित्र म्हणतो, फॉरमॅट मार. मुलीच्या लग्नाचे फोटो त्यातच आहेत. काम तसं चालतंय, दिवाळीनंतर बघितलं तर चालेल? (चिपळूण)

नाही चालणार. आजच लॅपटॉप बंद करा.

रोजच्या वापरात आपण डिस्कवरच्या ठरावीक फाइलीच उघडतो. फुल स्कॅन मात्र वर्षानुवर्षं न उघडलेले अल्बमही वाचायला जातो आणि तिथले खराब सेक्टर, म्हणजे डिस्कचे बिघडलेले बारीक कप्पे, तेव्हा उघडे पडतात. डिस्क आधीच खचलेली होती, अँटीव्हायरसमुळे ते तुम्हाला कळलं इतकंच. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये 'पेंडिंग' आणि 'रीअ‍ॅलोकेटेड' (म्हणजे संशयास्पद आणि बाद करून बदललेल्या) सेक्टरचे आकडे दिसतात. टकटक नसती तर ते बघा म्हटलं असतं. यांत्रिक हार्ड डिस्क टकटकायला लागली की ती चालू ठेवण्याचा प्रत्येक मिनिट धोक्याचा. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवू नका, त्याने डिस्कवर आणखी ताण येतो. फॉरमॅटचा सल्ला देणाऱ्या मित्राला आधी विचारा, फोटो परत कोण आणून देणार? 'फॉरमॅट मारून देतो, सगळं ठीक होईल' म्हणणाऱ्या दुकानातही हेच विचारा. आधी डेटा, मग दुरुस्ती. हा क्रम उलटा करणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. थेट डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा, आणि लॅपटॉप हातात देण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज घ्या.

आणि बाकीच्यांनी, ज्यांची डिस्क अजून गप्प आहे, याच आठवड्यात एक्स्टर्नल डिस्कवर प्रत काढावी. लॅपटॉपच्याच 'डी' ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत बॅकअप नव्हे, कारण बहुतेक वेळा डिस्क एकच असते.

प्रश्न : अपडेटनंतर टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही. (इंदूर)

सॉफ्टवेअरने टचपॅड वर येत नाही. बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबू किंवा टोचू नका आणि सर्व्हिस सेंटर गाठा.

प्रश्न : म्हणजे अँटीव्हायरसचा दोष कधीच नसतो? (पुणे)

असतो की! १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज संगणक निळा एरर स्क्रीन दाखवत बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. पण यंत्रं शाबूत होती. ती सदोष फाइल काढल्यावर चालू झाली. शंका असेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालतं त्या स्थितीत, सुरू करून बघा. तिथे त्रास थांबला तर बहुधा सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर, चालूच राहिला तर हार्डवेअरचा संशय घ्या आणि तंत्रज्ञाला दाखवा. पण सेफ मोडमध्ये जाण्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की कुठे आहे ते शोधून ठेवा, कारण ऐन वेळी तीच मागितली जाते.

प्रश्न : 'हार्डवेअर धोक्यात, या नंबरवर फोन करा' असा संदेश सारखा येतो. (ठाणे)

फोन करू नका, ही फसवणूक आहे. ब्राउझर बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.