पुण्याहून म्हापशाला आलात, पण कर ठरतो लग्नाच्या नोंदणीवरून

नमस्कार ताई,

तुमचं पत्र थोडक्यात असं: माहेर कोल्हापूरचं, यजमान गोव्यातल्या बार्देश तालुक्याचे. २०२३ साली म्हापशाला सिव्हिल रजिस्ट्रारसमोर पहिली सही, दुसरी सही करून (गोव्यात लग्नाची नोंदणी अशी दोन टप्प्यांत होते) लग्न लागलं, मग दोघांचीही नोकरी पुण्यात. गेल्या ऑक्टोबरात तुम्ही गोव्यात नवी नोकरी धरलीत. हातात दोन फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचे कंपनीचे दाखले) आहेत. लग्नाआधीची एफडी तुमच्या नावावर आहे आणि म्हापशाच्या दुकानाचं भाडं यजमानांच्या खात्यात जमा होतं. विवरणपत्र आपलं आपण भरायला बसलात, तर पोर्तुगीज नागरी कायदा (गोव्यात लग्न आणि मालमत्तेसाठी अजूनही चालतो तो) लागू आहे का, हा प्रश्न समोर आला. 'आता गोव्यात राहते म्हणून हो म्हणू का?' असं तुम्ही विचारता.

हो म्हणा. पण गोव्यात राहता म्हणून नव्हे. पुण्यात होतात तेव्हाही उत्तर 'हो'च होतं.

आयकर केंद्राचा आहे, राज्य बदललं म्हणून त्याचे दर बदलत नाहीत. बदलला तो फक्त व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो पगारातून कापला जायचा, गोव्यात तो नाहीच. नव्या करप्रणालीत त्याची वजावटही मिळत नाही, तेव्हा तो विषय सोडून द्या.

खरा मुद्दा लग्नाचा. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, लग्नाआधीची आणि वारशाने आलेलीसुद्धा. हे धरूनच आयकर कायद्यात कलम ५-ए आलं. १९९४ च्या वित्त कायद्याने ते घातलं आणि १ एप्रिल १९६३ पासून लागू धरलं. पगार ज्याचा त्याच्याच उत्पन्नात राहतो. घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज हे मात्र दोघांत निम्मं-निम्मं. खातं कोणाच्या नावावर आहे हे इथे बघत नाहीत. तुमची दुसरी शंका, म्हणजे एफडी लग्नाआधीची म्हणून फक्त माझी ना, तिचंही उत्तर यातच आलं. तिचं व्याजही वाटायचं.

बरेच जण याला सवलत समजतात आणि सोयीचं असेल त्या वर्षी वापरतात. तसं करू नका. हा पर्याय नाही, लागू असेल तर दरवर्षी पाळायचाच नियम आहे. उलट, तुमच्या शेजारच्या फ्लॅटमधलं जोडपं सांगली-साताऱ्याचं असेल आणि लग्न तिकडेच झालं असेल, तर गोव्यात नुसतं राहायला आल्याने त्यांना हा नियम लागत नाही.

आता आकडे धरून बघू. दुकानाचं भाडं महिना २०,००० म्हणजे वर्षाचे २,४०,०००. ३० टक्के प्रमाणित वजावट ७२,००० गेली, उरले १,६८,०००. (नगरपालिकेची घरपट्टी भरली असेल तर ती वार्षिक भाड्यातून आधी वजा करा.) प्रत्येकी ८४,०००. एफडीचं व्याज ६०,०००, प्रत्येकी ३०,०००. म्हणजे तुमच्या विवरणपत्रात पगाराशिवाय १,१४,००० आणि यजमानांच्याही तेवढेच. बँकेने व्याजावर १० टक्क्यांनी ६,००० टीडीएस (व्याज देतानाच कापलेला कर) कापला असेल तर त्यातलं ३,००० चं क्रेडिट यजमानांकडे जातं. लोक चुकतात ते इथेच. उत्पन्न अर्धं दाखवतात आणि टीडीएस मात्र पुरता मागतात, मग नोटीस येते.

यासाठी आयटीआर-१, म्हणजे विवरणपत्राचा सगळ्यात साधा फॉर्म, चालत नाही. धंदा नसेल तर आयटीआर-२ घ्या, त्यातलं शेड्यूल ५-ए, म्हणजे ही वाटणी दाखवायचा तक्ता, भरा, यजमानांचा पॅन घाला. त्यांच्या विवरणपत्रात तुमचा पॅन आणि हेच आकडे उलट बाजूने आले पाहिजेत. म्हणून दोघांनी एकाच दिवशी, शेजारी बसून भरा. एआयएसमध्ये (आयकर खात्याकडे जमलेल्या तुमच्या उत्पन्नाच्या माहितीपत्रकात) पूर्ण भाडं त्यांच्या आणि पूर्ण व्याज तुमच्या नावावर दिसेल; घाबरू नका, फरक शेड्यूल ५-ए मधून समजतो.

दोन फॉर्म १६ चं काम सोपं, पण खिशाला लागणारं. नव्या कंपनीला आधीचा पगार कळवला नसेल, तर नव्या करप्रणालीतली पगारावरची ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि करमुक्त पहिले ४ लाख दोन्ही कंपन्यांनी धरले असणार. दोन्ही पगारांची बेरीज करा, वजावट एकदाच घ्या. उरलेला कर व्याजासह चलनाने भरा, मगच विवरणपत्र सबमिट करा.

मागच्या वर्षांत तुम्ही आयटीआर-१ भरलात, ते चुकलं. तुमचा कर वाढत असेल तर अद्ययावत विवरणपत्र (मुदतीनंतर चूक सुधारायचं, आयटीआर-यू) भरता येतं; लगतच्या मागच्या कर निर्धारण वर्षासाठी (२०२५-२६, म्हणजे २०२४-२५ च्या कमाईसाठी) ते ३१ मार्च २०२७ च्या आत भरलंत तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, पुढे तो भार वाढत जातो. यजमानांचा कर मात्र कमी होणार, आणि कर कमी करून घ्यायला अद्ययावत विवरणपत्र चालत नाही. जुन्या वर्षांचं दोघांचं गणित सीएकडून एकत्र मांडून घ्या, एकट्याचं भरू नका.

यंदाची मुदत ३१ जुलै, आणि सबमिट केल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं. त्याआधी घरातली एक फाइल उघडा: लग्नाच्या दाखल्यासोबत लग्नापूर्वी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा नोंदवलेला करार आहे का बघा. सासरच्यांनी तो करून घेतला असेल आणि तुम्ही घाईत सही केली असेल, असंही होतं. तो सापडला तर काहीही भरू नका, आधी मला त्याची प्रत पाठवा.