सेकोला ऑलिम्पिक मेडल का नाही मिळालं?

प्रश्न: आमच्या रनिंग ग्रुपमध्ये जपानी मॅरेथॉन धावपटू तोशिहिको सेकोचा विषय निघाला. एवढ्या मॅरेथॉन जिंकूनही ऑलिम्पिक मेडल कसं नाही? आणि पुढे कोच झाला म्हणतात, तिथे काय केलं त्याने? – एक वाचक, सातारा

उत्तर: मेडलचं आधी सांगतो. 15 मॅरेथॉन धावला, त्यातल्या 10 जिंकला, जपानातली फुकुओका चारदा, बोस्टन दोनदा, शिवाय 1986 ला लंडन आणि शिकागो पण. 1980 ला फुल फॉर्मात होता तर जपानने मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला, संपला विषय. 1984 ला लॉस एंजेलिसच्या आधी टोकियोच्या उन्हात इतकी बेसुमार प्रॅक्टिस केली की रेसच्या दिवशी अंगात काही उरलंच नव्हतं, चौदावा आला.

या प्रॅक्टिसमागे त्याचा कोच कियोशी नाकामुरा. वासेदा युनिव्हर्सिटीत 800-1500 मीटरवाल्या या पोराला त्यानेच मॅरेथॉनला लावलं. किस्सा असा सांगतात की पहिल्याच दिवसांत नाकामुराने पोरांसमोर माती तोंडात टाकली, ही खाऊन तुम्ही जिंकणार असाल तर मी खाईन म्हणाला. आता असला माणूस कोच असल्यावर "सर, आज पाय दुखतोय" कोण म्हणणार! 1985 ला मासेमारीला गेला असताना तो वारला, पण सेको त्यानंतरही जिंकत राहिला हे मला जास्त भारी वाटतं.

कोच म्हणून? जपानात लाँग डिस्टन्सवाले कंपनीच्या टीममधून धावतात, सेकोची कंपनी होती एस अँड बी, करी पावडरवाली. तिथे कोचिंग केलं, वासेदाच्या पोरांनाही शिकवलं आणि 1993 ला वासेदाने हाकोने एकिदेन जिंकली, म्हणजे दहा जणांची दोन दिवसांची रिले, जपानात नववर्षाला घरोघरी टीव्हीवर बघतात ती. पण खरं सांगू का, दुसरा सेको काही त्याच्या हातून घडला नाही.

माझ्या मते त्याचं मोठं काम वेगळंच आहे, ऑलिम्पिक निवडीचं. 1988 च्या सोल ऑलिम्पिकसाठी 1987 ची फुकुओका हीच निवडीची रेस असं सगळे धरून चालले होते, सेको दुखापतीमुळे धावलाच नाही, तरी त्याला 1988 च्या मार्चमधल्या बिवाको मॅरेथॉनच्या जोरावर घेतलं, लोक जाम भडकले. फुकुओका जिंकलेला नाकायामा सोलला चौथा आला आणि सेको नववा! आणि 2016 ला जपानची मॅरेथॉन सुधारायचं काम तिथल्या अ‍ॅथलेटिक्स फेडरेशनने दिलं कुणाला, तर यालाच. मग 2019 ला एमजीसी (मॅरेथॉन ग्रँड चॅम्पियनशिप) नावाची निवडीची रेस आली, पहिले दोघं थेट टोकियो ऑलिम्पिकला, वशिला नाही की मीटिंग नाही. तिसरी जागा मात्र नंतरच्या रेसमधल्या टायमिंगसाठी उघडी ठेवली होती, ती एमजीसीत तिसऱ्या आलेल्या सुगुरू ओसाकोने घेतली आणि ऑलिम्पिकला सहावा आला.