बेल्ट होता, तरी भाऊ खाली आपटला

प्रश्न : माझा धाकटा भाऊ शेडचे पत्रे बसवायचं काम करतो. मे महिन्यात एका गोडाऊनवरचा जुना सिमेंटचा पत्रा बदलताना पाय आरपार गेला आणि १५ फुटांवरून खाली आला, मणका मोडलाय. बेल्ट घातलेला, दोरी पण तुटली नाही. बाकीची पोरं म्हणतात मग बेल्ट लावून उपयोग काय? काय सांगू त्यांना?
– एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, वाचून फार वाईट वाटलं. पण पोरांना सांगा बेल्ट सोडू नका, उंचीचा हिशोब करा. दोरी ६ फूट, झटका बसल्यावर शॉक अब्सॉर्बर (दोरीतला झटका शोषणारा भाग) उघडतो तो अजून साडेतीन फूट, त्यात माणसाची स्वतःची उंची आणि थोडी राखीव जागा, म्हणजे हुक पायाजवळ पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या दांडीला) अडकवला असेल तर खाली १८ फुटांच्या आसपास मोकळी जागा पाहिजे, आणि तुमची शेड १५ फुटांची! दोरीने माणसाला पूर्ण थांबवायच्या आधीच जमीन आली. अशा बुटक्या शेडवर आखूड दोरी नाहीतर गाडीच्या सीटबेल्टसारखी झटक्याला लॉक होणारी, हुक शक्यतो डोक्याच्या वर, आणि खाली जाळी बांधलेली पाहिजे.

आणि मुळात सिमेंटच्या पत्र्यावर पाय द्यायचाच नाही. ऊनपावसाने तो ठिसूळ होतो, वरून दिसत मात्र नाही. बोल्टच्या लाईनीवरून चाललं की काही होत नाही असं जुने मिस्त्री सांगतात ना, ते मला अजिबात पटत नाही, तिथूनही माणसं खाली गेलीत. उजेडासाठी लावलेले प्लास्टिकचे पत्रे तर धूळ नी रंग बसला की ओळखूच येत नाहीत. दोन-तीन पर्लिनवर टेकेल एवढी लांब फळी टाकूनच वर जायचं, आणि जमत असेल तर खालून पालख (परांची) बांधून पत्रा काढायचा, ते सगळ्यात बरं.

पुढे कोणी पडलंच तर हातपाय धरून टेम्पोत घालू नका, मणका अजून बिघडतो, हलवू नका आणि १०८ ला फोन लावा.

बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात भावाची नोंदणी नसेल तरी नुकसानभरपाई मागता येते, ती ज्याने कामावर ठेवलं त्याच्याकडून, म्हणजे ठेकेदाराकडून. ॲडमिटचे कागद, पगाराचे मेसेज, सोबतच्या पोरांचे जबाब आत्ताच जमवा आणि जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका.