नागपूरहून भाड्याची गाडी घेऊन चंद्रपूर पाहण्यासारखं आहे का?

तुम्ही विचारलंय की ताडोबाला येतोच आहोत, तर नागपूरहून सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेऊन चंद्रपूर आणि आसपास पाहावं का, की त्यासाठी एक दिवसही जास्त होईल. या ‘एक दिवसही जास्त’वरूनच माझं माझ्या साडूशी चार वर्षांपूर्वी बिनसलंय, म्हणून लिहितो.

मी मूल तालुक्यातला, धानाची शेती करतो. साडू पुण्याचे. ऑगस्टात बायको-पोरीला घेऊन आले, नागपूरला विमानातून उतरून तिथूनच गाडी भाड्यानं घेतली. मी म्हटलं, चला, गोंडराजांची राजधानी दाखवतो. जटपुरा गेटशी नेहमीसारखी कोंडी. काच वर, एसी सुरू, अर्धा तास तिथंच. साडू म्हणाले, ‘अहो, किल्ला म्हणजे रायगड, राजगड. ही तर नुसती भिंत आहे. आणि वर ही कोळशाची धूळ. निघू या.’

ती भिंत म्हणजे परकोट. आख्ख्या जुन्या शहराभोवती दगडी कोट आहे, त्याला जटपुरा, बिनबा, अचलेश्वर, पठाणपुरा असे चार दरवाजे आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसाण अशा पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. किल्ला डोंगरावरच असला पाहिजे हा नियम कोणी केला? इथं लोक आजही कोटाच्या आत राहतात, भाजी घेतात, पोरं शाळेत पाठवतात. १७५१ ला गोंडांचं राज्य गेलं, नागपूरकर भोसले आले, १८१८ ला इंग्रज आले, तरी कोट उभा आहे.

साडू गाडीतून उतरलेच नाहीत. त्यांची पोरगी, तेव्हा नऊ वर्षांची, माझ्यासोबत उतरली. ऑटोनं बगड खिडकीशी गेलो आणि कोटावर चढलो. इको-प्रो या इथल्या संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून झाडं-झुडपं तोडून तो कोट चालण्याजोगा केलाय, त्याआधी तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. चालता चालता तिला गोष्ट सांगितली. खांडक्या बल्लाळशहा या गोंडराजाच्या अंगावर फोड होते. झरपट नदीच्या डोहातलं पाणी लावलं, तर ते बसले. मग एक दिवस शिकारीत त्याला उलटंच दिसलं, ससा कुत्र्याच्या मागे लागलेला. सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका. राजानं राणीला सांगितलं. राणी म्हणाली, ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेनं कोट बांधा, इथंच राजधानी करा. पोरगी थांबली. कोटाच्या वळणाकडे बोट करून म्हणाली, ‘काका, म्हणजे आपण सशाच्या मागे चाललोय?’ नंतर पठाणपुरा दरवाज्यावरचा दगडी सिंह, खाली हत्तीला दाबून धरलेला, तो ती मान मोडेस्तोवर पाहत होती. गोंडांचं ते राजचिन्ह. अचलेश्वराच्या देवळाशेजारी राणी हिराईनं नवऱ्यासाठी, बीरशहासाठी, बांधलेली समाधी आहे. बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेली, हे तिला फार आवडलं.

आम्ही परत आलो तर साडू म्हणाले, ‘काहून एवढा वेळ?’ ‘का’ला आम्ही ‘काहून’ म्हणतो, ते आमचंच आम्हाला ऐकवलं. मला ते लागलं, अजूनही लागतं.

दुसऱ्या दिवशी मार्कंड्याला, वैनगंगेकाठची देवळं पाहायला जायचं होतं. मी म्हटलं, मूलवरून हरणघाटच्या पुलानं सरळ चामोर्शी गाठा, मोठा रस्ता सोडू नका. साडूंनी मोबाईलचं ऐकलं. सात किलोमीटर वाचवायला गाडी पांदणीत, शेतातल्या कच्च्या वाटेत घातली आणि ती गाऱ्यात, चिखलात फसली. दोन तास गेले. शेवटी धानाच्या रोवणीवरची माणसं बांधीतून, शेतातून वर आली, ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी काढली, आणि पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. खालचं कव्हर फाटलं होतं. गाडीवाल्यांनी अनामत रकमेतून आठ हजार कापले, त्यात दरवाज्यावरचा जुना ओरखडाही धरला. घेताना व्हिडिओ काढलेला नव्हता, काय बोलणार? साडू अजून म्हणतात, चंद्रपूरनं आठ हजार खाल्ले. चंद्रपूरनं नाही, त्या सात किलोमीटरनं.

तर, गाडी घ्या. आसपासच्या जागांना गाडीशिवाय जमत नाही. येतानाच भद्रावती रस्त्यावर लागते, विजासनची बौद्ध लेणी आणि भद्रनागाचं देऊळ तिथंच पाहून घ्या. बल्लारपूरचा वर्धा नदीकाठचा किल्ला अर्ध्या तासावर, चंद्रपूरच्या आधी राजधानी तिथं होती. मार्कंड्याला पूर्ण दिवस द्या, वैनगंगा तिथं उत्तरेकडे वळते आणि काठावर कोरीव देवळं. पण शहरात गाडी नको. ती लॉजवर लावा आणि कोट पायी पाहा. लालपेठेतल्या दगडी मूर्तीही चुकवू नका, दहा तोंडांच्या देवीला लोक रावण म्हणतात.

नंबराची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतील तीच भाड्याची गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात दिली तर अपघातात विमा अडतो. राजुऱ्यापलीकडे तेलंगणात शिरायचं असेल तर परवानगीचं गाडीवाल्यांना आधीच विचारा. ताडोब्यात ही गाडी चालत नाही, सफारी जिप्सीतूनच, आणि मंगळवारी बंद असते. एप्रिल-मेत येत असाल तर मी म्हटलेलं कोटावरचं चालणं सकाळी आठच्या आत उरका, पारा सत्तेचाळीसला जातो.

ती पोरगी आता तेरा वर्षांची आहे. दिवाळीत येणार म्हणते, आणि बापाला सांगून ठेवलंय की या वेळी गाडीतून उतरायचं.