कावीळ उतरली, पण रिपोर्टात भलतंच नाव

प्रश्न: डॉक्टर, माझ्या दादाला (वय ५१, लालबाग) कावीळ झाली, पोट अजिबात दुखत नव्हतं, नुसती अंगाला खाज. आईने आधी पंधरा दिवस झाडपाला दिला. मग स्कॅनमध्ये पित्तनळीत गाठ निघाली, दुर्बिणीतून ब्रश घालून पेशी काढल्या तर त्यात कॅन्सर नाही आला, तरी सर्जन म्हणाले कॅन्सरच वाटतोय, काढूया. आता रिपोर्टात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड १ लिहिलंय, कडा क्लिअर आहेत. म्हणजे आधी चुकलं का? किमो लागेल? इरफान खानला झालेला तोच का हा?

उत्तर: ताई, चुकलं असं मी तरी नाही म्हणणार. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणजे शरीरातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ. पित्तनळीत गाठ म्हटलं की बहुतेक वेळा तिथला नेहमीचा कॅन्सरच निघतो आणि स्कॅनवर तो आणि दादाची ही गाठ, दोन्ही सारखेच दिसतात. त्यात ही गाठ नळीच्या अस्तराखाली वाढते, ब्रश फिरतो वरवर, मग पेशी हाताला लागणार कशा? खरं नाव कळतं ते गाठ काढून तिला क्रोमोग्रॅनिन, सिनॅप्टोफायसिनचे (म्हणजे या पेशींची खूण असलेल्या प्रथिनांचे) रंग लावल्यावरच.

इरफानने २०१८ मध्ये स्वतःच न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचं सांगितलं होतं, तर घराणं तेच. पण या घराण्यात शांत माणसंही आहेत आणि भडक डोक्याचीही, त्यामुळे दुसऱ्याच्या आजारावरून दादाचा अंदाज बांधू नका. रिपोर्टात केआय-६७ चा आकडा शोधा, म्हणजे गाठीतल्या किती टक्के पेशी वाढीला लागल्यात ते. ३ टक्क्यांच्या खाली म्हणजे ग्रेड १, २० च्या वर गेला की ग्रेड ३. दादाचं सगळं निघालं असेल, लिम्फ नोडही साफ असतील तर सहसा किमो देत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात, मात्र बरीच वर्षं. आजार खूप दुर्मीळ आहे म्हणून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (काढलेल्या गाठीचे मेणात जपलेले तुकडे) घेऊन परळच्या टाटासारख्या ठिकाणी एकदा परत बघून घ्या, हे मी आग्रहाने सांगतोय. डोटा पेट स्कॅन (या जातीच्या गाठी शोधणारा खास स्कॅन) करायचा का तेही तिथेच विचारा, कुठे बारीक काही उरलंय का ते त्यात दिसतं. पुढे पसरलंच तर गाठीची वाढ रोखणारी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं आहेत, ल्युटेशियम या किरणोत्सर्गी औषधाची थेरपी आहे (ते ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतही बनतं बरं का), पण आत्ता त्याची काळजी नको.

आणि हो, रक्तातलं क्रोमोग्रॅनिन तपासायला सांगितलं तर दादा ॲसिडिटीची गोळी घेतात का ते आधी डॉक्टरांना सांगा. पॅन्टोप्राझोल चालू असेल तर आकडा उगाच वाढून येतो आणि घरात सगळ्यांची झोप उडते.