दारू एकदम बंद करू का?

प्रश्न : यजमान सातपूरला कंपनीत आहेत. रोज रात्री क्वार्टर लागतेच. परवा सुट्टीत मी त्यांना घरात कोंडलं, तर दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, दरदरून घाम. पुन्हा तसंच करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, कोंडू नका, कळकळीने सांगते. यजमान नाटक करत नव्हते. रोजची दारू अचानक थांबली की दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. औषधांच्या आधाराने सोडवता येते. चहातून गुपचूप द्यायची पूड कुणी दिली तर मुळीच घेऊ नका! ते यायला तयार नसले, तरी तुम्ही १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोला, फोन मोफत आहे. अल-अ‍ॅनॉन या आधारगटाच्या सभा तर दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतात.